ओव्हरक्लॉक जरूर करा, पण आधी धूळ झाडा!

मित्रहो, आपल्या होस्टेलवर सध्या दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाचं म्हणणं असं, की ग्राफिक्स कार्ड घेतलं म्हणजे ते ओव्हरक्लॉक केलंच पाहिजे, नाहीतर आपण इंजिनिअरिंगला आलोच कशाला! दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, असले उद्योग केले की आधी कार्ड जळतं, मग मदरबोर्ड जळतो आणि शेवटी होस्टेलचं वायरिंग जळतं. त्यामुळे हा प्रकार सरळ बंद करावा. पहिल्या पक्षात सेकंड इयरची बरीच पोरं आहेत. दुसऱ्या पक्षात रेक्टर सर आहेत, वॉर्डनकाका आहेत आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही अशी काही मंडळीही आहेत. मला विचाराल तर दोन्ही पक्ष चुकतात. पहिल्या पक्षाला कार्डाची घाई आहे आणि दुसऱ्याला कार्डाची भीती. मोजमाप मात्र कुणीच करत नाही. आणि मोजल्याशिवाय बोलणं हे आपल्या धंद्यात बसत नाही, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी हे स्पष्ट करू, की आपण कुठल्या कार्डाबद्दल बोलतोय. लाख-सव्वा लाखाच्या कार्डाबद्दल बोलायचं कारणच नाही, ती आपल्या खोल्यांत येत नाहीत. आपल्याकडे असतं ते जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, नाहीतर कुणाकडून तरी सेकंडहँड आलेलं आरएक्स ५७० किंवा ५८०. माझ्याकडे जीटीएक्स १६५० आहे. एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आलेलं हे कार्ड. ८९६ कोअर, ४ जीबी मेमरी, ७५ वॉट. माझं घर बिडकीनचं, म्हणजे पैठण रस्त्यावर साधारण निम्म्या वाटेवरचं. आमच्याकडे असल्या वस्तू कापसाची पट्टी हातात आल्यावर घेतल्या जातात. बाबांनी पैसे दिले तेव्हा एकच प्रश्न विचारला, "हे किती वर्षं चालंल?" तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हाच प्रश्न विचारला गेला असेल. म्हणून आपल्यासाठी 'सेफ ओव्हरक्लॉकिंग' यातला 'सेफ' हा शब्द जास्त महत्त्वाचा. ज्याचं कार्ड जळालं की तो दुसरं घेऊ शकतो, त्याचा सल्ला ऐकून आपण चालत नसतो.

आता ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय, ते आपल्या भाषेत बघू. आमच्या भागात मोसंबीच्या बागा पुष्कळ. तोडणी झाली की फळांची प्रतवारी होते. झाड तेच, पाणी तेच, पण एक फळ पहिल्या प्रतीत जातं आणि दुसरं तिसऱ्या. चिपचंही तसंच आहे. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप तयार होतात आणि सगळ्या सारख्या निघत नाहीत. माझ्या कार्डातल्या टीयू११७ या चिपवर मुळात १०२४ कोअर आहेत, त्यातले ८९६ चालू ठेवून बाकीचे बंद केलेत. म्हणजे ज्या चिपमध्ये थोडा दोष निघाला तीसुद्धा विकता येते. त्याचप्रमाणे, त्या मॉडेलच्या सगळ्यात कमजोर चिपलाही उन्हाळ्यात, साधारण कॅबिनेटमध्ये आणि काही वर्षं वापरल्यावर झेपेल असा वेग कंपनी ठरवते. तुमच्या वाट्याला त्यापेक्षा चांगली चिप आली असेल, तर मधे थोडी जागा शिल्लक राहते. त्या जागेत शिरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ही जागा कंपनीने चुकून ठेवलेली नसते. ती गरमीसाठी, धुळीसाठी, कमी-जास्त व्होल्टेजसाठी आणि म्हातारपणासाठी राखून ठेवलेली असते. तुम्ही ती वापरलीत, तर या चार गोष्टींची काळजी तुम्हाला घ्यावी लागेल, कंपनीला नाही.

आपले जुने सीनियर्स अजूनही सेलेरॉन ३००ए च्या गोष्टी सांगतात. १९९८ सालचा तो प्रोसेसर. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा थेट ४५० व्हायचा! पन्नास टक्के फुकट. त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या ऐकून आजच्या कार्डाकडून तीच अपेक्षा ठेवणं म्हणजे आजोबांच्या काळातल्या भावात आज जमीन मागण्यासारखं आहे. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर 'जीपीयू बूस्ट' आलं आणि तेव्हापासून कार्ड स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करू लागलं. माझ्या कार्डाच्या खोक्यावर बूस्ट १६६५ मेगाहर्ट्झ लिहिलंय, पण थंड खोलीत ते आपल्या आपण १८५० च्या वर पळतं. वॉट आणि तापमान बघून ते जमेल तेवढं वर जातं, आणि गरम झालं की पायरी पायरीने खाली येतं. तुमच्यासाठी शिल्लक राहतो तो चार-सहा टक्क्यांचा चतकोर. तो चतकोर खायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पन्नास टक्के मिळतात असं सांगून ज्युनियर्सना चढवू नका.

आता थोडं गणित. सेकंड इयरला आपण शिकलोय, की डिजिटल सर्किटची पॉवर ही व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. समजा तुम्ही वेग ६ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज ५ टक्के वाढवावं लागलं. तर १.०५ चा वर्ग गुणिले १.०६, म्हणजे सुमारे १.१७. वेग सहा टक्के आणि उष्णता सतरा टक्के! आता त्या सहा टक्क्यांत मिळतं काय? ज्या गेममध्ये ४० फ्रेम मिळत होत्या तिथे जास्तीत जास्त ४२ मिळतील. डोळ्यांना हा फरक कळतो असं जो म्हणेल, त्याला मी चहा पाजायला तयार आहे. उलट बघा. वेग तेवढाच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं, तर ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे उष्णता १९ टक्क्यांनी उतरली. हे दुसरं गणित कुणी करतच नाही, कारण त्यात फुशारकी मारायला काही नसतं.

आणि आपल्या भागात उष्णता हाच खरा विषय आहे. इंटरनेटवर जे पोरगं २५ अंशांच्या एसी खोलीत बसून सेटिंग सांगतं, त्याने आमच्या बिडकीनच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेला नाही. चिकलठाण्याच्या वेधशाळेचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. कार्डावरचा पंखा आणि पत्र्यांचा हीटसिंक खोलीची हवाच वापरतो. त्यामुळे खोली जेवढी तापेल, जवळपास तेवढंच कार्ड तापतं. हे मी मोजून बघितलंय. पंखा ६० टक्क्यांवर स्थिर, तोच गेम, अर्धा तास. डिसेंबरच्या रात्री खोलीत २० अंश असताना कार्ड ६३ वर थांबलं आणि वेग होता १८६०. मे महिन्यात घरी दुपारी खोलीत ३९ अंश, तेव्हा कार्ड ८२ वर आणि वेग १८००. दोन्ही वेळा फरक ४३ अंशांचाच! म्हणजे ऋतूनेच माझे ६० मेगाहर्ट्झ काढून घेतले. आता सांगा, हिवाळ्यात बसवलेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात टिकेल कसं? आपल्या होस्टेलवर दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये 'माझा पीसी अचानक हँग व्हायला लागला' अशी साथ येते, तिचं बरंचसं कारण हेच आहे. डिसेंबरमधलं सेटिंग कुणी काढलेलंच नसतं.

घरी विहिरीवरची मोटर असेल, तर तिची नेमप्लेट एकदा नीट वाचा. बहुतेक मोटरींचं रेटिंग ४० अंश हवेसाठी दिलेलं असतं. हवा त्याहून गरम असेल तर मोटरवर लोड कमी घ्यायचा, हा नियम आहे. त्याला डीरेटिंग म्हणतात. शेतकरी पुस्तक न वाचताही दुपारी मोटरीला हात लावून बघतो. आपण इंजिनिअर होणार आणि कार्डाचं तापमान न बघता स्लायडर ओढणार, हे काही बरं नाही.

दुसरी गोष्ट धूळ. बिडकीनला २०१९ नंतर औद्योगिक वसाहतीचं काम वाढलं, रस्ते खोदले गेले, वर कापसाचा हंगाम. हीटसिंकच्या बारीक पत्र्यांमध्ये ही धूळ आणि कापसाची रुई मिळून अक्षरशः नमदा तयार होतो. होस्टेलवर परिस्थिती वेगळी नाही. तिथे रुईऐवजी गादीचा कापूस आणि केस असतात. त्यात आपण कूलर लावतो. कूलरची ओलसर हवा थेट उघड्या कॅबिनेटवर आली की धूळ सुटी राहत नाही, चिकटून बसते. मे महिन्यात त्या ८२ अंशांच्या दिवशीच मी कार्ड काढून मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने साफ केलं. (पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं बरं का, हवेने पंखा गरगर फिरू द्यायचा नाही.) परत लावल्यावर त्याच खोलीत, त्याच गेममध्ये ७५ अंश आणि वेग १८३०. म्हणजे एका ब्रशने ३० मेगाहर्ट्झ दिले, कुठलंही सॉफ्टवेअर न लावता! म्हणून माझं ठाम मत आहे, की आपल्याकडचं पहिलं ओव्हरक्लॉकिंग म्हणजे झाडलोट.

झाडलोटीनंतर दुसरी पायरी व्होल्टेज कमी करण्याची, म्हणजे अंडरव्होल्टिंगची. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा वक्र उघडतो. माझं कार्ड १८०० च्या आसपास १.०० व्होल्ट घेत होतं, ते मी ०.९० वर आणून बसवलं. तुमच्या कार्डाला ०.९२ लागेल किंवा ०.८८ पुरेल, ते प्रत्येक चिपवर आहे. कार्ड थंड राहतं, पंख्याचा आवाज कमी होतो आणि रात्री रूममेट शिव्या देत नाही. गंमत म्हणजे ७५ वॉटच्या कार्डाला वॉटची मर्यादा आधी नडते. तेवढ्याच वॉटमध्ये व्होल्टेज कमी केलं तर ते जास्त वेळ वरच्या वेगावर राहतं. म्हणजे कमी करून वाढतं! एएमडीच्या कार्डांना हेच त्यांच्या ड्रायव्हरच्या ट्यूनिंगमध्ये करता येतं.

एवढं करूनही ज्याचे हात शिवशिवतात त्याने ओव्हरक्लॉक जरूर करावं. माझा विरोध नाही. फक्त ते प्रॅक्टिकलसारखं करावं. माझी पद्धत अशी :

१. आधी काहीही न बदलता अर्धा तास चालवा. खोलीचं तापमान, कार्डाचं तापमान, वेग आणि फ्रेम वहीत लिहा. हे रीडिंग नसेल तर पुढच्या सगळ्याला अर्थ नाही.

२. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी कोअर, मेमरी नंतर. दोन्ही स्लायडर एकदम ओढले आणि क्रॅश झालं, तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

३. कोअर १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवा आणि प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं चाचणी घ्या. युनिजीनची हेवन किंवा सुपरपोझिशन ही चाचणी पुरते. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन दिसले किंवा ड्रायव्हर बंद पडून परत सुरू झाला, की समजा हद्द संपली. तिथून दोन पायऱ्या मागे या. एक नाही, दोन. दुसरी पायरी मे महिन्यासाठी.

४. मेमरी वाढवताना फक्त क्रॅशची वाट बघू नका, स्कोअर बघा. जीडीडीआर५ मेमरीत चुकीचा डेटा ओळखून परत पाठवण्याची सोय असते. त्यामुळे हद्द ओलांडली तरी कार्ड चालूच राहतं, फक्त परत परत पाठवण्यात वेळ जातो आणि स्कोअर खाली येतो. आकडा वाढला आणि स्कोअर घटला, की मागे फिरायचं.

५. व्होल्टेजच्या स्लायडरला वरच्या दिशेने हात लावू नका. बजेट कार्डावरचं पॉवर सर्किट आखूड हिशोबात बनवलेलं असतं, त्याच्यावर हीटसिंकही बऱ्याचदा नसतो. आणि बायोस फ्लॅश करण्याच्या फंदात तर पडूच नका. सॉफ्टवेअरचं सेटिंग रिस्टार्ट केलं की जातं, बायोस जात नाही.

६. 'विंडोज सुरू होताच लावा' ही खूण पहिला आठवडा करू नका. आठवडाभर दुपारच्या गरमीत न अडखळता चाललं, तर करा. मार्च उजाडला की पुन्हा पहिल्या नंबरपासून सुरुवात.

या पद्धतीने माझ्या कार्डावर डिसेंबरमध्ये एका गेमला ४८ च्या ५१ फ्रेम झाल्या. सहा टक्के. मे महिन्यात तेच सेटिंग मुद्दाम लावून बघितलं, तर ४९ मिळाल्या आणि वीस मिनिटांत ड्रायव्हर बसला. अंडरव्होल्ट केलेलं सेटिंग मात्र दोन्ही ऋतूंत ४८-४९ वर शांतपणे चाललं. आता तुम्हीच ठरवा कुठलं घ्यायचं. आणि लॅपटॉपवाल्यांनो, तुम्ही यातली झाडलोट आणि अंडरव्होल्टिंग एवढंच घ्या. लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयू बऱ्याचदा एकाच तांब्याच्या नळीवर असतात, एकाला तापवलं की दुसराही तापतो.

कार्डाबद्दल एवढं बोललो, पण माझ्या मते धोक्याची खरी जागा कार्डात नाही, कार्डाच्या मागे आहे. एसएमपीएस! त्याच्या खोक्यावर ५०० वॉट लिहिलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त. त्याचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रांगेत १८ ॲम्पियर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. आरएक्स ५८० सारखं १८५ वॉटचं कार्ड असल्या एसएमपीएसवर लावून वर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे छोटा हत्तीत ट्रकचा माल भरण्यासारखं आहे. मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट घ्यायचे असतात, आणि त्यातही १२ व्होल्टवर फक्त साडेपाच ॲम्पियर, म्हणजे ६६ वॉट. खुद्द एएमडीचं आरएक्स ४८० जून २०१६ मध्ये आलं, तेव्हा ते स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त ओढतंय असं परीक्षकांनी मोजून दाखवलं, आणि जुलैमध्ये कंपनीला नवा ड्रायव्हर देऊन ते दुरुस्त करावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हिशोबात जे निसटलं, ते आपल्या हिशोबात निसटणार नाही कशावरून? ज्या कार्डाला वेगळा पॉवर कनेक्टर नाही, त्याची पॉवर लिमिट १०० टक्क्यांच्या वर नेण्याची युक्ती कुणी सांगितली, तर हात जोडा आणि नको म्हणा.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हा अनुभव कुणाला नाही? आपण हसतो आणि चप्पल घालून बसतो. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग तुटलेलं असेल, तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आत खरोखर शॉर्ट झाला, तर तो करंट जायला वाट नसेल, तुमच्या हाताशिवाय! तेव्हा मुंग्या येत असतील, तर ओव्हरक्लॉकिंग राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून टाकणाऱ्या भिडूंना तर काय बोलावं!

सेकंडहँडवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग एका दिवसात संपलं. त्यानंतर महिनोन्महिने दिवसरात्र चाललेली आरएक्स ५७० आणि ५८० कार्डं बाजारात स्वस्तात आली. अजूनही हातोहात फिरत आहेत. सगळी वाईट नसतात. पण अनेकांचा बायोस मेमरीसाठी बदललेला असतो, पंख्याचे बेअरिंग झिजलेले असतात आणि पेस्ट वाळून पापड झालेली असते. असं कार्ड घेतलं तर आधी बायोस मूळचा आहे का बघा, पेस्ट बदला, पंखा ऐका. आधीच पळून दमलेल्या बैलाला शर्यतीत उभं करू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल एक ठोकताळा आपल्याला सर सांगतातच : तापमान १० अंशांनी वाढलं, की आयुष्य निम्मं. आणि नुसतं तापमानच नाही, रोजचं तापणं-थंड होणंही घातक असतं. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपमधल्या सदोष जोडणीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते, तो प्रश्न चिपखालच्या सोल्डरच्या बारीक थेंबांचाच होता.

गेमच्या पलीकडचा एक मुद्दा आहे आणि तो स्टाफने ऐकावा असा आहे. आता फायनल इयरची बरीच प्रोजेक्टं याच कार्डांवर चालतात. कुणी पिकावरच्या रोगाचे फोटो ओळखायला मॉडेल शिकवतो, कुणी सिम्युलेशन चालवतो. गेममध्ये एखादा ठिपका चुकला तर कुणाचं बिघडत नाही. प्रोजेक्टमध्ये एक आकडा चुकला, तर काहीही क्रॅश न होता चुकीचं उत्तर छापून येतं! मोठ्या संगणकांच्या कार्डांत मेमरीतली चूक दुरुस्त करणारी ईसीसी असते, आपल्या कार्डांत नसते. म्हणून माझं म्हणणं, प्रोजेक्टचं रीडिंग घेताना कार्ड कंपनीच्या वेगावर आणा. गाईड सरांनीही व्हायवाला एक प्रश्न जरूर विचारावा, "कार्ड कुठल्या सेटिंगला होतं?"

आता रेक्टर सरांना एक विनंती. सर, एमसीबी पडला की सगळ्यात आधी संशय आमच्या कॉम्प्युटरवर येतो. कृपया हे आकडे बघा. पाणी तापवायचा रॉड १५०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा ॲम्पियर. कार्डासकट आमचा अख्खा कॉम्प्युटर गेम चालू असताना २०० वॉटच्या आसपास, म्हणजे एक ॲम्पियरही नाही. आणि ओव्हरक्लॉकिंगने त्यात भर पडते १५-२० वॉटची. एका एलईडी ट्यूबएवढी. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर रॉड, इस्त्री आणि कॉम्प्युटर लावणारा मुलगा दोषी आहे हे मान्य, पण त्याचा गुन्हा ओव्हरक्लॉकिंग नाही. बंदी घातली तर पोरं रात्री दार लावून करतील, आणि दार लावून केलेलं काम कुणी तपासत नाही. त्यापेक्षा चार नियम करा. प्रत्येक खोलीचं अर्थिंग वर्षातून एकदा इलेक्ट्रिकल विभागाच्या मुलांकडून मोजून घ्यावं, त्यांचंही प्रॅक्टिकल होईल. कॉम्प्युटर आणताना एसएमपीएसचं स्टिकर रजिस्टरमध्ये लिहावं. चाचणी चालू ठेवून खोली सोडायची नाही आणि झोपायचंही नाही. जळका वास आला, तर आधी भिंतीवरचं बटण बंद, पाणी टाकायचं नाही, आणि लगेच वॉर्डनकाकांना सांगायचं, रागावतील म्हणून लपवायचं नाही. काकांनीही त्या दिवशी रागावू नये!

आणि विभागप्रमुखांना सुचवावंसं वाटतं, की एक शनिवार याच्यासाठी द्यावा. स्टोअरमध्ये धूळ खात पडलेलं एखादं जुनं कार्ड काढावं आणि मुलांकडून आधी मोजून, मग वाढवून, मग परत मोजून घ्यावं. टॉलरन्स, डीरेटिंग, थर्मल रेझिस्टन्स हे शब्द आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. ते या एका दिवसात समजतील. २०२४ मध्ये एथर एनर्जीने बिडकीनला कारखाना काढायचं जाहीर केलं, त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करनेही राज्य सरकारशी करार केला. आमच्या गावातली पोरं तिथे नोकरी मिळेल म्हणून आशेने बघतात. पण इलेक्ट्रिक गाडी म्हणजे तरी काय? मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर यांच्याकडून किती काम घ्यायचं आणि किती गरम झाल्यावर थांबायचं, याचाच तर सगळा खेळ. मे महिन्यात भर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी किती मार्जिन ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याला तिथे किंमत आहे. स्लायडर शेवटपर्यंत ओढता येतो म्हणून कुणी नोकरी देणार नाही.

तेव्हा मित्रहो, ज्याला करायचं त्याने बिनधास्त करा, पण एक ब्रश, एक थर्मामीटर आणि एक वही घेऊन बसा. वही दाखवल्याशिवाय कुणाच्या मेगाहर्ट्झवर विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही. माझी वही बघायची असेल, तर कधीही मागा. पटलं नाही तर पुढच्या अंकात लिहा, पण आकड्यांसकट!